दगडांचा भार : ध्रुवप्रदेशातील एक भूगर्भशास्त्रज्ञ

दक्षिण ध्रुवाच्या शर्यतीची हकीकत आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत असताना वाचलेली असते. नॉर्वेचा अ‍ॅमुंडसेन पहिला पोचला, इंग्रजांचा कॅप्टन स्कॉट पाच आठवडे मागाहून पोचला आणि परतीच्या वाटेवर स्कॉट व त्याचे चार सोबती भुकेने आणि थंडीने मरण पावले, एवढे प्रत्येकाच्या स्मरणात असते. या हकीकतीतला एक तपशील मात्र पुष्कळांच्या नजरेतून निसटतो. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोधपथकाला बर्फात गाडला गेलेला स्कॉटचा तंबू सापडला. आत तीन प्रेते होती. बाहेरची ओढगाडी उकरून काढली, तेव्हा तिच्यावर ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो, दगड बांधलेले आढळले. जड झालेल्या गाडीवरून नको त्या वस्तू त्या माणसांनी एकेक करून टाकल्या होत्या. दगड मात्र टाकले नव्हते.

हे दगड कशासाठी? माणसाचा जीव जात असताना दगड ओढण्यात शहाणपण ते कोणते? या प्रश्नाचा माग आज आम्ही काढणार आहोत, पण तो स्कॉटच्या चरित्रातून नव्हे. त्याच मोहिमेत, त्याच काळात, तंबूपासून शेकडो मैलांवर एक तरुण भूगर्भशास्त्रज्ञ बर्फाच्या बिळात सहा महिने दडून बसला होता. त्याचे नाव रेमंड प्रीस्टली. शॅकल्टन आणि स्कॉट या दोघांच्याही हाताखाली त्याने काम केले, दोन्ही वेळा तो जिवंत परतला आणि १९७४ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी, आपल्या अंथरुणावर वारला. अशा माणसांवर पोवाडे होत नाहीत. पण दगडांची गोष्ट समजून घ्यायची तर ती त्याच्यासारख्याकडूनच समजून घ्यावी, असे आम्हाला वाटते.

प्रथम या धंद्याची अडचण ध्यानात घ्या. अंटार्क्टिका खंड आपल्या भारताच्या चौपटीहून मोठा. त्याच्यावर सरासरी दोन किलोमीटर जाडीचा बर्फ. शंभर भागांतला एक भागदेखील खडक उघडा नाही. ज्याने दगड वाचायचे, त्याला पोथी दिली आहे ती अशी, की तिची सगळी पाने चिकटलेली आणि कोपरा तेवढा कुठे कुठे सुटलेला. किनाऱ्यावरचे कडे, बर्फातून डोके वर काढणारी शिखरे, आणि हिमनद्यांनी वाहून आणलेले गोटे, एवढीच त्याची सामग्री. यांतले शेवटचे साधन मोठे गमतीचे आहे. हिमनदी म्हणजे सावकाश चालणारी बर्फाची नदी. ती डोंगराच्या अंगावरचे दगड खरवडून घेते आणि शेकडो मैल वाहून नेऊन कडेला ढीग घालते. जिथे माणसाचे पाऊल पोचणार नाही, तिथला दगड ती आपण होऊन दारात आणून टाकते. भूगर्भशास्त्रज्ञ त्या ढिगात हातोडी घेऊन बसतो. उणे तीस अंशांच्या थंडीत लोखंडाला उघडा हात लागला तर कातडी सोलून निघते, आणि हातमोजा घालून वहीत टिपण करता येत नाही. तरी टिपण करावेच लागते. दगड कुठल्या जागी, कुठल्या थरात, कुठल्या दिशेला तोंड करून होता हे लिहिले नाही, तर घरी नेलेला तो दगड रस्त्यावरच्या खडीइतकाच मुका.

प्रीस्टली १८८६ साली इंग्लंडमधील ट्यूक्सबरी या गावी जन्मला. वडील तिथल्याच शाळेचे मुख्याध्यापक. ब्रिस्टलच्या कॉलेजात तो भूगर्भशास्त्र शिकत होता, दुसरेच वर्ष होते, पदवीचा पत्ता नव्हता, तोच १९०७ मध्ये शॅकल्टनला माणसे हवी असल्याची वार्ता कानावर आली. मुलाखत काय झाली म्हणता? प्रीस्टली पुढे म्हातारपणी सांगत असे, की शॅकल्टनने दोन प्रश्न विचारले : एखादे वाद्य वाजवता येते का, आणि सोने दिसले तर ओळखता येईल का. दुसरा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मोहिमेला पैसे देणाऱ्या धनिकांना खनिजांची आशा असे आणि भूगर्भशास्त्रज्ञाला जहाजावर जागा मिळे ती पुष्कळदा त्या आशेच्या पोटी. बाकी ज्यांच्या मोहिमा, त्यांचा डोळा ध्रुवावर. स्वीडनचा नॉर्डनशल्ड हा स्वतः भूगर्भशास्त्रज्ञ असून मोहिमेचा नायक होता, परंतु तो अपवाद. एरवी झेंडा ही मोहिमेची नवरी आणि शास्त्र ही तिची पाठराखीण, असाच प्रकार असे.

शॅकल्टनच्या या मोहिमेत प्रीस्टलीला एक गुरू लाभला. सिडनी विद्यापीठाचे प्रोफेसर एजवर्थ डेव्हिड. ऑस्ट्रेलियातल्या कोळशाच्या थरांचा शोध घेऊन त्यांनी कीर्ती मिळवलेली. पन्नाशी गाठलेला हा मनुष्य १९०८ च्या मार्चमध्ये एरेबस या धगधगत्या ज्वालामुखीच्या माथ्यावर पाच जणांना घेऊन चढला. त्या डोंगरावर माणसाचे पाऊल पडले ते पहिलेच. त्यानंतर मॉसन व मॅके या दोघांसह, गाडी स्वतः ओढत, त्यांनी दक्षिण चुंबकीय ध्रुव गाठला, १६ जानेवारी १९०९ रोजी. त्या प्रवासातली एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हाला पुढे जाववत नाही. मॉसन तंबूत अंधार करून फोटोच्या काचा बदलत होता. बाहेरून प्रोफेसरांनी विचारले, फार कामात आहात काय? मॉसन म्हणाला, हो, आहे. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. अखेर प्रोफेसरांनी अगदी संकोचून कळवले, की आपण एका हिमभेगेच्या काठाला हातांनी लोंबकळत आहोत आणि फार वेळ धरवेलसे वाटत नाही. असा हा सभ्य गृहस्थ! प्रीस्टली अशा माणसाच्या तालमीत तयार झाला.

त्याचे स्वतःचे प्रसंगही काही कमी नव्हते. एरेबसच्या उतारावर दगड तपासायला गेले असता हिमवादळ आले. तंबूत जागा माणसांपेक्षा कमी. प्रीस्टली आपण होऊन झोपायच्या पिशवीसकट बाहेर राहिला आणि तीन दिवस तसाच पडून राहिला. वारा त्याला उताराने हळूहळू खाली घसरवीत होता. दुसऱ्या एका वेळी दोन सोबत्यांसह तो समुद्रावरच्या बर्फावर तळ देऊन राहिला असता तो बर्फच किनाऱ्यापासून सुटला आणि तिघांना घेऊन समुद्रात निघाला. काही तासांनी त्या तराफ्याचे एक टोक किनाऱ्याच्या बर्फाला क्षणभर टेकले. तेवढ्यात तिघे उडी टाकून पार झाले.

याच मोहिमेत ध्रुवाच्या रोखाने गेलेल्या शॅकल्टनच्या चौघांपैकी फ्रँक वाइल्ड याला बिअर्डमोर हिमनदीच्या माथ्याशी कोळशाचे थर दिसले. ध्रुवापासून अवघ्या पाच अंशांवर कोळसा! कोळसा म्हणजे पुरलेले अरण्य. बर्फाच्या या ओसाडीत एकदा झाडे होती, एवढे त्यावरून निश्चित झाले. पण कोणती झाडे? पान नाही, फळ नाही, नुसता कोळसा आणि ओळख न पटणाऱ्या लाकडाचे तुकडे. ती गाठ तशीच राहिली.

प्रीस्टली सिडनीत डेव्हिड यांच्याबरोबर त्या मोहिमेचा अहवाल लिहीत बसला होता. १९१० साली स्कॉटची मोहीम निघाली, तिच्यातला एक भूगर्भशास्त्रज्ञ आजारी पडला आणि त्याच्या जागी प्रीस्टलीला बोलावणे आले. या मोहिमेत आणखी दोन भूगर्भशास्त्रज्ञ होते, ग्रिफिथ टेलर आणि फ्रँक डेबनम. प्रीस्टली मात्र निराळ्या तुकडीत पडला. नायक आरमारी अधिकारी कॅम्पबेल, डॉक्टर लेव्हिक, स्वतः प्रीस्टली आणि अ‍ॅबट, ब्राउनिंग व डिकसन हे तिघे आरमारी सेवक, अशी सहा जणांची ती तुकडी. त्यांना पूर्वेकडे एका नव्या प्रदेशात उतरायचे होते. वाटेत व्हेल्सच्या उपसागरात पाहतात तो अ‍ॅमुंडसेनचे जहाज उभे! ती बातमी मुख्य तळावर पोचवून तुकडी उत्तरेला वळली आणि केप अडेअर येथे उतरली. तिथे एक वर्ष जवळजवळ वाया गेले. समुद्रावरचा बर्फ भरवशाचा नाही, मागे उभा कडा, त्यामुळे आत जाता येईना. भूगर्भशास्त्रज्ञाला खडक समोर दिसावा आणि हात पोचू नये, यासारखी शिक्षा नाही.

८ जानेवारी १९१२ रोजी जहाजाने त्यांना तिथून उचलून दक्षिणेला इव्हान्स कोव्ह येथे उतरवले. सहा आठवड्यांच्या प्रवासाचा शिधा बरोबर होता. फेब्रुवारीच्या मध्याला जहाज न्यायला येणार होते. या मोजक्या आठवड्यांत प्रीस्टलीला मनाजोगते काम करायला मिळाले. जिला पुढे त्याचेच नाव दिले गेले, त्या हिमनदीने वाहून आणलेल्या दगडांत त्याला झाडाच्या खोडाचा जीवाश्म मिळाला. नमुने गोळा झाले, वेष्टनात बांधले, नावे घातली, आणि मंडळी जहाजाची वाट पाहत किनाऱ्यावर येऊन बसली.

जहाज आले नाही. दाट बर्फापुढे त्याचे काही चालेना. सुमारे तीस मैलांवरून त्याला परत फिरावे लागले. किनाऱ्यावरच्या माणसांना हे कळण्याचा काही मार्ग नव्हता. ते रोज क्षितिजाकडे पाहत. वाऱ्याने तंबू फाटले. उन्हाळ्याचे कपडे अंगावर, शिधा संपत आलेला आणि समोर ध्रुवाकडचा हिवाळा, ज्यात सूर्य महिनोन्‌महिने उगवत नाही.

तेव्हा त्यांनी एका साचलेल्या हिमाच्या ढिगात बीळ खणले. लांबी बारा फूट, रुंदी नऊ फूट, उंची साडेपाच फूट. आपल्याकडच्या चाळीतली खोली याहून मोठी असते. त्यात सहा माणसे मार्चपासून सप्टेंबरअखेरपर्यंत राहिली. या बेटाला त्यांनी नाव दिले, त्याचा अर्थ ‘शब्दांत न सांगता येणारे बेट’. आम्हाला तरी या नावात अतिशयोक्ती दिसत नाही.

जेवण सीलच्या मांसाचे आणि पेंग्विनांचे. तेही सील मिळाले तर. एकदा उपासमारीची वेळ आलेली असता ब्राउनिंगने एक सील मारला आणि त्याच्या पोटात छत्तीस मासे निघाले, अजून खाण्याजोगे! ती त्या दिवसांतली दिवाळी. चूल सीलच्या चरबीची, दिवाही सीलच्या चरबीचा. लहानशा डब्यात चरबी घालायची आणि दोरीचे पीळ सोडवून त्याची वात करायची, अशी ती आपल्या पणतीची बहीण. तिच्या धुराने माणसे, कपडे, भिंती सगळे काळेकुट्ट झाले. शिध्याचा कारभार प्रीस्टलीकडे होता आणि तो कोठीवाल्याच्या कडकपणाने पाळला जाई. रविवारी साखरेचे बारा खडे. महिन्याच्या शेवटच्या दिवशी पंचवीस मनुका, मोजून. चहाची पत्ती एकदा उकळली की दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळायची, आणि मग सुकवून पाइपात घालून ओढायची. रात्री डॉक्टर लेव्हिक डिकन्सची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ ही कादंबरी रोज एकेक प्रकरण वाचून दाखवी. साठाहून अधिक प्रकरणांचा ग्रंथ म्हणजे तेवढ्या रात्रींची बेगमी.

कॅम्पबेलने पहिल्याच दिवसांत एक गोष्ट केली. बिळाच्या जमिनीवर टाचेने एक रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे अधिकारी, पलीकडे खलाशी. जहाजावर दोघांच्या राहण्याच्या जागा वेगळ्या असतात, त्याचाच हा देखावा. नियम असा, की रेघेपलीकडे कोणी काहीही बोलले तरी ते अलीकडच्यांना ऐकू आले नाही असे धरायचे. हात लांब केला तर पलीकडच्याच्या नाकाला लागेल, आणि ऐकू आले नाही म्हणे! प्रथम वाचताना आम्हाला हसू आले. इंग्रजांचा वर्गाभिमान मरणाच्या दारातही सुटत नाही, असेही वाटले. परंतु अधिक विचार करता मत बदलले. खलाशाला वरिष्ठाविषयी कुरकुर करायला जागा हवी आणि वरिष्ठाला ती ऐकून शिस्तीचा बडगा उगारावा लागू नये. नऊ फुटांच्या बिळात भिंत बांधता येत नव्हती, म्हणून त्यांनी ती मनात बांधली. सहा महिन्यांत तिथे एकही मारामारी झाली नाही. आपल्या एकत्र कुटुंबांतूनही अशी एखादी रेघ जुन्या बायका न बोलता ओढून ठेवीत असत, हे जाणत्या श्रोत्यांना सांगायला नको.

आजार मात्र रेघ ओळखत नव्हता. सगळ्यांना अतिसार लागला. ब्राउनिंग तर पार खंगून गेला. गोठलेले मांस वितळवायला एक बिस्किटांचा डबा चुलीजवळ ठेवलेला असे, त्यात जुने रक्त व चोथा साचून कुजत होता, हे पुष्कळ उशिरा लक्षात आले. अ‍ॅबटचा हात सील मारताना सुरीवरून घसरला आणि तीन बोटांच्या शिरा तुटल्या. एकदा वादळात धुराचे भोक हिमाने बुजले, दिवे मंद मंद होऊ लागले आणि हवा संपत आल्याचे वेळेवर उमगले म्हणून मंडळी वाचली.

३० सप्टेंबर १९१२ रोजी ते बाहेर पडले. मुख्य तळ सुमारे दोनशे मैल. रोग्याला सांभाळत, गाड्या स्वतः ओढत जायचे. येथे प्रीस्टलीपुढे तोच प्रश्न उभा होता, जो आम्ही आरंभी विचारला : दगडांचे काय करायचे? त्याने उन्हाळाभर जमवलेल्या नमुन्यांचा साठा इव्हान्स कोव्हलाच नीट रचून ठेवला आणि माणसे घेऊन तो निघाला. धंद्याने भूगर्भशास्त्रज्ञ असलेल्या मनुष्याने दगड मागे ठेवले, ही गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

वाटेत केप रॉबर्ट्स येथे त्यांना अन्नाचा एक साठा सापडला. तो टेलर आणि डेबनम यांच्या तुकडीने आदल्या उन्हाळ्यात ठेवलेला होता. दगड शोधत फिरणाऱ्या एका तुकडीचे उरलेले अन्न दुसऱ्या तुकडीच्या तोंडी पडले. बिस्किटे पोटात गेल्याबरोबर ब्राउनिंगच्या अंगात बळ येऊ लागले; तो वाचला तो त्या बिस्किटांवर. जाता जाता सांगायला हरकत नाही, की हा टेलर प्रीस्टलीचा मेहुणा. मोहिमेतला चार्ल्स राइट हा दुसरा शास्त्रज्ञही मेहुणाच झाला. प्रीस्टलीच्या दोन बहिणींना वरसंशोधन दक्षिण ध्रुवावरच करावे लागले असे दिसते.

७ नोव्हेंबरला ही काळवंडलेली सहा भुते मुख्य तळाच्या दारात उभी राहिली. आत स्वयंपाकी आणि डेबनम, दोघेच. बाकीचे कुठे? तेव्हा कळले, की स्कॉट व त्याचे चौघे सोबती परतलेच नाहीत. सगळे त्यांचा शोध घ्यायला दक्षिणेला गेले आहेत. त्या शोधपथकाबरोबर सात खेचरे होती, खास हिंदुस्थानातून मागवलेली. लाल खान, गुलाब, बेगम, राणी अशी त्यांची नावे. या मोहिमेला आपल्या देशाकडून बरेच काही गेले होते. ध्रुवाकडे गेलेल्या पाचांपैकी बॉवर्स हा इथल्या सरकारी आरमारातला आणि ओट्स महू छावणीतून आलेला. हवामान पाहणारा सिम्प्सन सिमल्याच्या हवामान खात्यातला. पण या सर्वांहून जुना असा एक धागा त्या दगडांतच होता.

८ फेब्रुवारी १९१२ रोजी, ध्रुवावरून परतताना, बिअर्डमोर हिमनदीच्या वरच्या अंगाला स्कॉटने मुक्काम लवकर केला आणि दगड पाहण्यात दुपार घालवली. माणसे थकलेली, एडगर इव्हान्स तर खचलेला. तो त्यानंतर नऊ दिवसांनी मेला. दगड वेचले ते मुख्यतः डॉक्टर विल्सन याने. विल्सन हा वैद्य, चित्रकार आणि प्राणिशास्त्रज्ञ. त्याला कोळशाच्या थरात पानांचे ठसे दिसले. ज्या पानाची शॅकल्टनच्या वेळेपासून वाट पाहिली जात होती, ते पान हेच.

केंब्रिजच्या सेवर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते ठसे तपासले आणि १९१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. पान ग्लॉसॉप्टेरिस जातीचे होते. जिभेसारखा आकार, मधोमध शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीदार रेषा. जातीचे पुरते नाव ऐका : ग्लॉसॉप्टेरिस इंडिका. दक्षिण ध्रुवाजवळच्या पानाचे नाव ‘भारतीय’! प्रीस्टलीला सापडलेले खोडही सेवर्डने त्याच ग्रंथात वर्णिले आणि त्याला प्रीस्टलीचे नाव दिले.

हे पान भारताचे कसे? १८२८ साली फ्रेंच पंडित ब्रोन्यार याने या वंशाला नाव दिले, तेव्हा त्याच्यापुढे भारतातून आणि ऑस्ट्रेलियातून आलेले नमुने होते. आपल्या महाराष्ट्राशी तर त्याचे अगदी घरचे नाते आहे. नागपूरला १८४० च्या सुमारानंतर स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी राहत होता. तिथले हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे. फावल्या वेळात तो कामठीच्या आसपासचे वालुकाश्म फोडून त्यातले जीवाश्म जमवी. त्यांत ही जिभेच्या आकाराची पाने विपुल सापडली. हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना एका ओढ्याच्या पुरात बुडून वारला. दगडांच्या नादाने प्राण गेलेला तोही एक. आज कामठी, वर्धा खोरे आणि चंद्रपूर येथे जो कोळसा निघतो, तो याच झाडांच्या काळचा, पंचवीस ते तीस कोटी वर्षांमागचा. आपल्या घरात चंद्रपूरची वीज येते तेव्हा त्याच अरण्याचे सरपण जळत असते.

मध्य भारतातल्या या थरांना गोंड लोकांच्या प्रदेशावरून गोंडवन हे नाव मेडलिकॉट याने १८७२ मध्ये योजले. १८८५ साली व्हिएन्नाच्या स्यूस याने ते उचलले आणि एकेकाळच्या दक्षिणेकडच्या एका महाखंडाला गोंडवनभूमी म्हटले. आफ्रिकेत तेच पान, भारतात तेच पान, यावरून त्याने हे अनुमान बांधले. एका जागेचा पुरावा मात्र हाती नव्हता, आणि ती जागा या सर्वांच्या मधोमध होती. विल्सनच्या १६ किलोंनी तो पुरावा दिला.

योगायोग पाहा. ६ जानेवारी १९१२ रोजी जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे आल्फ्रेड वेगनर याने खंडे सरकतात हा विचार प्रथम जाहीर व्याख्यानात मांडला. लोकांनी तो पुढे कित्येक वर्षे थट्टेवारी नेला. त्यानंतर दोनच दिवसांनी प्रीस्टली इव्हान्स कोव्हला उतरत होता आणि स्कॉट ध्रुवापासून नऊ दिवसांवर होता. एकाने सिद्धांत सांगावा आणि दुसऱ्याने, त्याची वार्ताही नसताना, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला त्याचे साक्षीदार गोळा करावेत! वेगनर स्वतः १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात मेला.

आता आरंभीचा प्रश्न. हे दगड टाकले असते तर ती माणसे वाचली असती काय? असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्ही दोन्ही बाजू वाचल्या आणि आमचे मत असे झाले, की नसती वाचली. इंधन गळून कमी पडले, थंडी अपेक्षेहून फार वाढली, बर्फ वाळूसारखा झाला, अन्न पुरेसे नव्हते. या राशीत १६ किलोंचा वाटा लहान होता. पण म्हणून तो शून्य होता असेही आम्ही म्हणणार नाही. त्या दुपारचे तास अमूल्य होते. अखेरचा तंबू पुढच्या मोठ्या अन्नसाठ्यापासून अवघ्या अकरा मैलांवर होता, हे वाचल्यावर मनुष्य तासांचा हिशेब करू लागतोच.

आणि येथे प्रीस्टलीची आठवण येते. तो दगड ठेवून निघाला, कारण ते कुठे ठेवले ते त्याला ठाऊक होते आणि कोणीतरी परत येईल असा त्याचा अंदाज होता. धंद्याची सवय अशी असते. दगड पळून जात नाही; नकाशावर खूण असली की झाले. विल्सनला ती सोय नव्हती. हिमनदीच्या माथ्यावर पुन्हा कोण, कधी येणार? शॅकल्टनला थर दिसूनही पान मिळाले नव्हते, हे त्याला माहीत होते. दोघांचाही निर्णय आपापल्या जागी बरोबर होता असे आम्हाला वाटते, मात्र विल्सनच्या निर्णयाची किंमत ओढणाऱ्या पाचही जणांनी भरली, आणि त्या पाचांत इव्हान्ससारखा, पानांच्या ठशांशी ज्याला काही कर्तव्य नव्हते, असा खलाशीही होता. त्याला कोणी विचारले होते काय? रेघेपलीकडचे बोलणे इकडे ऐकू येत नसते.

१९१३ च्या जानेवारीत घराकडे निघालेले जहाज इव्हान्स कोव्हला थांबले, ते मुख्यतः प्रीस्टलीचे दगड उचलण्यासाठी. जहाजावरची माणसे कुतूहलाने त्या बिळात डोकावली. काजळीने माखलेल्या त्या अंधाऱ्या भोकात सहा जण सहा महिने राहिले, हे डोळ्यांनी पाहूनही त्यांना खरे वाटेना.

पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. महायुद्धात प्रीस्टली संदेशवहनाच्या तुकडीत होता आणि त्याला लष्करी पदक मिळाले. १९२० मध्ये डेबनमने केंब्रिजला स्कॉटच्या नावाने ध्रुवप्रदेश संशोधन संस्था काढली, तिच्या उभारणीत त्याचा हात होता. राइट या मेहुण्याबरोबर त्याने हिमनद्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, तो १९२२ साली निघाला. मग हा दगड फोडणारा मनुष्य विद्यापीठांच्या कारभारात शिरला. तो मेलबर्नचा कुलगुरू झाला, तिथे वरिष्ठांशी पटेना म्हणून राजीनामा दिला, आणि १९३८ पासून १९५२ पर्यंत बर्मिंगहॅमचा कुलगुरू होता. १९४९ मध्ये सर झाला. सत्तरी उलटल्यावर, १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, तो पुन्हा दोनदा अंटार्क्टिकाकडे गेला. ज्या अंतराला त्यांना एकेकाळी आठवडे लागले, ते आता विमाने काही तासांत तोडीत होती.

आपल्याकडची पहिली मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्याच्या मुरगाव बंदरातून निघाली. आज तिथे ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही आपली दोन ठाणी आहेत. ‘भारती’च्या आसपासचे खडक आणि आपल्या पूर्वघाटाचे खडक एकाच पट्ट्यातले आहेत, असे आपल्या भूगर्भशास्त्रज्ञांना तिथे दिसून आले.

वेगनरचा विचार मान्य व्हायला पन्नासाहून अधिक वर्षे लागली. १९६९ च्या डिसेंबरात अंटार्क्टिकाच्या डोंगरांत लिस्ट्रोसॉरस या जमिनीवर चालणाऱ्या प्राण्याची हाडे सापडली. तीच हाडे दामोदरच्या खोऱ्यातही मिळालेली होती. बी वाऱ्यावर उडून समुद्रापार जाऊ शकते, असे पानाविषयी शंका घेणारे म्हणत. लिस्ट्रोसॉरस उडत नव्हता आणि समुद्र पोहून जाण्याजोगाही नव्हता. ही बातमी आली तेव्हा प्रीस्टली ८३ वर्षांचा होता.